द्राक्षवेलीतला विषाणू ओळखतात कसा? लाल पानापासून प्रयोगशाळेपर्यंत

द्राक्षबागेत भुरी आली की पानावर पांढरी पावडर दिसते. केवडा आला की पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग पडतात आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी वाढते. अनुभवी बागायतदार हे रोग बागेतून चालता चालता ओळखतो आणि त्याच दिवशी फवारणीचं ठरवतो.

विषाणूचं तसं नाही. विषाणू शिरलेली वेल कित्येक महिने हिरवीगार दिसू शकते. काही वाणांत तर ती आयुष्यभर काहीच दाखवत नाही. तिला घड लागतात, पण मणी उशिरा पिकतात, गोडी नीट भरत नाही आणि उत्पादन हळूहळू घटतं. दोष हवामानाला, खताला किंवा पाण्याला दिला जातो. अशा वेलीच्या काड्या कापून नव्या बागेत कलम केलं, तर त्या काड्यांबरोबर विषाणूही नव्या बागेत जातो.

बागेत उभ्या असलेल्या वेलीतला विषाणू घालवणारं कोणतंही औषध आज उपलब्ध नाही. त्यामुळे द्राक्षाच्या विषाणूजन्य रोगांत सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे विषाणू वेळेत ओळखणं. तो ओळखतात कसा, कोणत्या चाचण्या आहेत आणि चाचणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे नेमकं काय कळतं, हे समजून घेऊया.

विषाणू वेलीत नेमकं काय करतो?

विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला जनुकीय मजकूर. तो स्वतःहून वाढत नाही. जिवंत पेशीत शिरून त्या पेशीकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो. द्राक्षातला सर्वात कुप्रसिद्ध लीफरोल विषाणू धाग्यासारखा असतो आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही कमी असते. तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

हा विषाणू वेलीच्या रसवाहिन्यांमध्ये राहतो. पानात तयार झालेली साखर याच वाहिन्यांतून घडापर्यंत पोहोचते. ही वाहतूक बिघडली की साखर पानातच साचते. पान जाड आणि ठिसूळ होतं, त्याच्या कडा खालच्या बाजूला वळतात आणि मण्यांना साखर कमी पडते. रंगीत वाणांत रंगही नीट भरत नाही.

द्राक्षवेलीत आजवर ८० हून अधिक विषाणूंची नोंद झाली आहे. फळपिकांमध्ये एवढी लांब यादी क्वचितच आढळते. याचं एक मोठं कारण लागवडीच्या पद्धतीत आहे. बरेचसे विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. पण द्राक्षाची लागवड हजारो वर्षं बियांपासून नव्हे, तर काड्यांपासून होत आली आहे. काडी म्हणजे मूळ वेलीचाच तुकडा. त्यामुळे वेलीचे चांगले गुण जसे उतरतात, तसे तिच्यातले विषाणूही उतरतात.

सगळेच विषाणू घातक नसतात. आर्थिक नुकसान करणारे मुख्य विषाणू मोजकेच आहेत:

- लीफरोल: हा एक विषाणू नसून विषाणूंचा गट आहे. त्यातला तिसऱ्या क्रमांकाचा विषाणू (जीएलआरएव्ही-३) जगभर सर्वाधिक पसरलेला आहे. तो कलमातून आणि पिठ्या ढेकणाच्या, म्हणजे मिलीबगच्या, काही जातींमार्फत पसरतो.
- फॅनलीफ: यात पान हातपंख्यासारखं पसरट होतं, पेरं आखूड पडतात, घडात मणी विरळ राहतात. हा मातीतल्या एका सूत्रकृमीमार्फत मुळांतून शिरतो. विल्यम ह्युइट, ड्युई रस्की आणि ऑस्टिन गोहीन या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९५८ साली हे दाखवून दिलं. सूत्रकृमी वनस्पतींचे विषाणू पसरवतात याचा तो जगातला पहिला पुरावा होता.
- रेड ब्लॉच: पानावर लाल चट्टे पाडणारा आणि साखर भरणं लांबवणारा हा विषाणू २०१२ पर्यंत विज्ञानाला माहीतच नव्हता.
- खोडाचे विषाणू: यात साल जाड होते आणि सालीखालच्या लाकडावर खाचा किंवा खळगे पडतात. कलम नीट एकजीव न होणं हेही एक लक्षण आहे.

नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो का?

काही वेळा येतो. काळ्या किंवा लाल द्राक्षाच्या वाणांत लीफरोलची लक्षणं ठळक असतात. मण्यांत रंग भरू लागल्यावर फांदीच्या बुडाकडची जुनी पानं लालसर-जांभळी होतात, पण शिरा हिरव्याच राहतात. कडा खाली वळतात. नंतर हीच लक्षणं फांदीवर वर सरकत जातात.

पांढऱ्या म्हणजे हिरव्या द्राक्षाच्या वाणांत मात्र लाल रंग येतच नाही. पान किंचित पिवळट पडतं, थोडं वळतं, किंवा काहीच दिसत नाही. खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी जाती तर विषाणू पोटात ठेवूनही बहुधा निरोगीच दिसतात. त्यांच्यावर संवेदनशील वाणाचं कलम केलं की मगच रोग उघडा पडतो.

उलटा गोंधळही तितकाच होतो. पान लाल झालं म्हणजे विषाणूच असं नाही. पुढील कारणांनीही अशीच लक्षणं दिसतात:

- मॅग्नेशियमची कमतरता असेल तर जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा किंवा लाल होतो.
- पालाश कमी पडला तर पानाच्या कडांपासून रंग बदलू लागतो.
- खोडाला किंवा फांदीला तार रुतली, जखम झाली, साल सोलली गेली, तर त्यावरची सगळी पानं लाल होऊ शकतात.
- ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक वाऱ्याबरोबर बागेवर आलं तर पानं हुबेहूब फॅनलीफसारखी पंख्याच्या आकाराची होतात. द्राक्ष या तणनाशकाला फार संवेदनशील आहे आणि ते शेजारच्या उसात किंवा धान्यपिकात वापरलं जातं, त्यामुळे ही शक्यता आधी तपासावी लागते.

एक ढोबळ खूण उपयोगी पडते. खताची कमतरता किंवा तणनाशकाचा परिणाम सहसा बागेच्या सलग पट्ट्यात, ठरावीक जमिनीवर किंवा वाऱ्याच्या दिशेनं दिसतो. विषाणू बहुतेक वेळा एका वेलीत दिसतो आणि पुढच्या हंगामात तिच्या शेजारच्या वेलींत. तरीही ही खूण फक्त संशयापुरती आहे, निदान म्हणून ती चालत नाही.

सत्तर वर्षं चुकलेली ओळख

डोळ्यांवर किती विसंबावं, याचं सर्वात बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. नापा खोऱ्यातल्या ओकव्हिल इथे विद्यापीठाचं द्राक्षाचं प्रयोगक्षेत्र आहे. २००८ साली तिथल्या काबर्ने सोव्हिन्यों वाणाच्या काही वेलींची पानं लाल पडू लागली. दिसायला सगळं लीफरोलसारखं होतं. पण लीफरोलच्या चाचण्या केल्या, तर त्या निगेटिव्ह आल्या.

वेलीतला सगळा जनुकीय मजकूर वाचण्याचं तंत्र वापरल्यावर उलगडा झाला. २०१२ मध्ये एक नवाच विषाणू समोर आला. द्राक्षातले बहुतेक विषाणू आरएनएचे असतात, हा मात्र वर्तुळाकार डीएनएचा निघाला. पुढे पाहिल्यावर लक्षणांतला एक बारीक फरकही स्पष्ट झाला. लीफरोलमध्ये शिरा हिरव्या राहतात, तर रेड ब्लॉचमध्ये पानाच्या शिरा अनेकदा लाल होतात.

मग शास्त्रज्ञांनी जुन्या संग्रहातली वाळवलेली पानं तपासली. सोनोमा परगण्यात १९४० साली गोळा केलेल्या एका वेलीच्या पानांतही हाच विषाणू सापडला. म्हणजे तो किमान सत्तर वर्षं बागांमध्ये होता आणि लोक त्याला लीफरोल किंवा आणखी काही समजत होते. त्याचा प्रसार करणारा कीटक तर २०१६ मध्ये निश्चित झाला. तो पाठीवर त्रिकोणी टोपी असल्यासारखा दिसणारा एक तुडतुडा आहे.

चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, हा या गोष्टीतला धडा. ‘लीफरोल आहे का?’ या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर म्हणजे ‘वेल निरोगी आहे’ असं नव्हे.

विषाणू ओळखण्याच्या चाचण्या

१. कलम करून पाहणं

ही सर्वात जुनी पद्धत आहे. संशयित वेलीचा डोळा अशा वाणावर कलम करायचा, जो विषाणू आला की लक्षणं लगेच दाखवतो. अशा वाणाला निर्देशक वाण म्हणतात. लीफरोलसाठी काबर्ने फ्रांक आणि फॅनलीफसाठी रुपेस्ट्रिस सेंट जॉर्ज हे वाण वापरले जातात. लीफरोल कलमातून पसरतो हे जर्मनीत गेओर्ग शॉय यांनी १९३० च्या दशकात असंच दाखवून दिलं होतं. अमेरिकेत एम्परर या लाल खाण्याच्या द्राक्षाचे काही वेलींवरचे मणी फिकट पांढुरके राहायचे. तोही कलमातून जाणारा रोग असल्याचं १९४० च्या दशकात सिद्ध झालं आणि पुढे तो लीफरोलच असल्याचं कळलं.

या पद्धतीची ताकद अशी की विषाणूचं नाव माहीत नसलं तरी काहीतरी संसर्गजन्य आहे एवढं तरी समजतं. तोटा वेळेचा. निकालाला दोन ते तीन हंगाम लागतात, जागा लागते आणि लक्षणं वाचणारी सरावलेली नजर लागते.

२. एलायझा

माणसाच्या रक्ततपासणीमुळे हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. १९७१ मध्ये शोधलेली ही पद्धत १९७७ पासून वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरात आली. विषाणूच्या वेष्टनातल्या प्रथिनाला नेमकं पकडणारी प्रतिपिंडं ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिक पट्टीत चिकटवलेली असतात. पानाचे देठ वाटून काढलेला रस त्यात टाकतात. विषाणू असेल तर तो प्रतिपिंडांना अडकतो आणि शेवटी रसायन घातल्यावर खळग्यात पिवळा रंग येतो.

एलायझा तुलनेनं स्वस्त आहे आणि एका वेळी शेकडो नमुने तपासता येतात. पण वेलीत विषाणूचं प्रमाण कमी असेल तर तो तिच्या नजरेतून सुटू शकतो.

३. आरटी-पीसीआर

कोरोनाच्या काळात घराघरात पोहोचलेला हाच तो शब्द. तत्त्वही तेच आहे. विषाणूच्या आरएनएचं आधी डीएनएमध्ये रूपांतर करतात आणि मग त्यातल्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढत जातात. प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात. सगळं आदर्श चाललं, तर ३० चक्रांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. त्यामुळे अगदी थोडा विषाणूही पकडता येतो. रेड ब्लॉच मुळातच डीएनएचा असल्यानं त्याला रूपांतराची पहिली पायरी लागत नाही.

अडचणी दोन आहेत. द्राक्षाच्या पानात आणि सालीत टॅनिनसारखी द्रव्यं आणि चिकट शर्करा भरपूर असतात. ती नीट वेगळी केली नाहीत तर चाचणीची रासायनिक क्रियाच अडते आणि विषाणू असूनही उत्तर ‘नाही’ येतं. दुसरं म्हणजे विषाणूचं रूप बदलत असतं. जुन्या रूपावर बेतलेली चाचणी नव्या रूपाला चुकवू शकते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा प्रत्येक वेळी माहीत असलेला रोगी नमुना आणि माहीत असलेला निरोगी नमुना सोबत चालवतात.

४. लॅम्प

पीसीआरला तापमान सतत वर-खाली करणारं यंत्र लागतं. लॅम्प पद्धत साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस या एकाच तापमानाला चालते. द्रवाचा रंग बदलला की निकाल कळतो. २००० साली जपानी संशोधकांनी ती जगासमोर आणली. मोठ्या यंत्रांशिवाय बागेजवळच तपासणी करण्यासाठी ती उपयोगी आहे. मात्र ती इतकी संवेदनशील आहे की नमुने एकमेकांत जरा जरी मिसळले तरी चुकीचं ‘आहे’ येऊ शकतं.

५. सगळा जनुकीय मजकूर वाचणं

वरच्या तीन प्रयोगशाळा चाचण्यांत काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं. या पद्धतीत तसं नसतं. नमुन्यातला सगळा जनुकीय मजकूर यंत्र वाचतं आणि संगणक त्यातून वेलीचा स्वतःचा भाग बाजूला काढून विषाणूंचा भाग शोधतो. रेड ब्लॉचचा छडा याच मार्गानं लागला. २०१५ मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी या पद्धतीची कलमाच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली, तेव्हा नवी पद्धत अधिक भरवशाची आणि कितीतरी वेगवान ठरली. खर्च आणि तज्ज्ञ मनुष्यबळ पाहता ती प्रत्येक बागेसाठी नाही. रोपवाटिकांच्या मूळ मातृवेली आणि परदेशातून येणारं लागवड साहित्य यांच्यासाठी ती सर्वात योग्य आहे.

६. आकाशातून पाहणी

आजारी पानावर पडलेला प्रकाश थोडा वेगळा परावर्तित होतो. डोळ्यांना न दिसणारा हा फरक खास कॅमेरे टिपतात. सप्टेंबर २०२० मध्ये नासाचं अव्हिरिस-एनजी हे उपकरण बसवलेलं विमान कॅलिफोर्नियातल्या लोडाय भागातल्या द्राक्षबागांवरून फिरवलं गेलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या नोंदींची जमिनीवरच्या तपासणीशी सांगड घातली. लीफरोलग्रस्त वेली ओळखण्यात ८७ टक्क्यांपर्यंत अचूकता मिळाल्याचं त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. अशी पाहणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही. हजारो वेलींतून नेमक्या कोणत्या वेलींचे नमुने घ्यावेत, हे ती सांगू शकते.

नमुना चुकला तर चाचणीही चुकते

यंत्र कितीही चांगलं असलं तरी हाती आलेल्या पानात विषाणूच नसेल तर ते काय शोधणार? विषाणू वेलीत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका ओलांड्यावर तो भरपूर असेल आणि दुसऱ्यावर नसेलही. म्हणून नमुना घेण्याचे काही नियम पाळले जातात:

- लीफरोलसाठी हंगामाच्या उत्तरार्धात फांदीच्या बुडाकडची पक्व पानं देठासकट घेतात. देठात रसवाहिन्या असतात आणि विषाणू तिथेच सापडतो.
- पानं नसतील तेव्हा पक्व काडीची साल खरवडून तिच्या आतला भाग तपासतात.
- फॅनलीफसाठी उलट, हंगामाच्या सुरुवातीची कोवळी पानं घेतात. उन्हाळा वाढला की या विषाणूचं पानातलं प्रमाण घटतं.
- एकाच वेलीच्या वेगवेगळ्या भागांतून चार-पाच पानं घेतात.
- नमुने पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, थंड जागी ठेवून लवकर पोहोचवतात. उन्हात तापलेल्या गाडीत दिवसभर पडलेला नमुना बिघडतो.

परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक महाराष्ट्रात जसंच्या तसं लागू पडत नाही. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेते. महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. त्यामुळे इथे महिन्याच्या नावापेक्षा पान आणि काडी किती पक्व झाली आहे हे पाहणं महत्त्वाचं.

अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे काय?

लागवड साहित्य विकताना ‘टेस्ट केलेलं आहे’ असं सांगितलं जातं. त्या वाक्यामागे चार प्रश्न विचारायला हवेत.

पहिला, कोणत्या विषाणूंसाठी तपासलं? दुसरा, कोणत्या पद्धतीनं? तिसरा, प्रत्येक मातृवेल तपासली की नमुन्यादाखल काहीच? आणि चौथा, कधी? नव्यानं लागण झालेल्या वेलीत विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढायला काही काळ जातो आणि लक्षणं तर बहुधा पुढच्या हंगामात दिसतात. शिवाय आज निरोगी असलेली वेल उद्या कीटकामुळे बाधित होऊ शकते.

हे किती खरं आहे याचा अनुभव जगातल्या नावाजलेल्या केंद्रालाही आला. डेव्हिस विद्यापीठाच्या केंद्रानं कसून तपासलेल्या मातृवेली रसेल रँच इथल्या मोकळ्या शेतात लावल्या होत्या. पुढे त्या बागेत रेड ब्लॉचचा शिरकाव झाला आणि मूळ वेली कीटकरोधक हरितगृहात ठेवण्याकडे वळावं लागलं. म्हणजे तपासणी एकदा करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

विषाणू सापडला तर पुढे काय?

बागेतली वेल बरी करता येत नाही, पण बाग वाचवता येते. बाधित वेल मुळासकट काढणं, मिलीबगचा बंदोबस्त करणं आणि तिथे तपासलेलं निरोगी रोप लावणं, हा मुख्य उपाय आहे. मिलीबगची बारीक पिल्लं वाऱ्यानं, अवजारांवरून आणि मजुरांच्या कपड्यांवरूनही एका वेलीवरून दुसरीवर जातात. म्हणून बाधित भागातली कामं शेवटी करणं शहाणपणाचं.

किती वेली काढायच्या, हा खरा अवघड निर्णय. चांगली दिसणारी, फळ देणारी वेल तोडायला हात धजत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागासाठी कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याचा हिशोब मांडला. बाधित वेली साधारण २५ टक्क्यांपर्यंत असतील तर तेवढ्याच काढणं फायद्याचं, त्याहून जास्त असतील तर पूर्ण बाग नव्यानं लावणं परवडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. काहीच न करणं हा सर्वात महाग पर्याय ठरला. हा आकडा तिथल्या भावांवर आणि वाणांवर बेतलेला आहे, पण लवकर कळलं तर थोडक्यात भागतं हे तत्त्व कुठेही लागू पडतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या व्हर्गेलेगन या बागेत हे प्रत्यक्षात उतरलं. तिथे लीफरोल सर्वत्र पसरला होता. जुने भाग काढून निरोगी रोपं लावली, मिलीबग आटोक्यात ठेवला आणि दरवर्षी तपासणी करून बाधित वेली काढल्या. लाल वाणांत पानं पाहून आणि पांढऱ्या वाणांत एलायझा करून हे काम चाललं. २००२ ते २०१२ या काळात बाधित वेलींचं प्रमाण एका टक्क्याच्याही कितीतरी खाली आलं.

वाण दुर्मीळ असेल तर प्रयोगशाळेत वेल शुद्धही करता येते. तिला काही आठवडे सुमारे ३७-३८ अंश तापमानात वाढवतात, मग शेंड्याचा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान तुकडा काढून काचेच्या नळीत त्यापासून नवं रोप तयार करतात. वाढीच्या अगदी टोकाशी विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो. अशा रोपाचीही पुन्हा चाचणी करावीच लागते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

संबंध थेट आहे. २०१२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी लीफरोल गटातल्या पहिल्या क्रमांकाच्या विषाणूची देशातली पहिली नोंद प्रसिद्ध केली आणि तिसऱ्या क्रमांकाचा विषाणूही भारतातल्या द्राक्षवेलींत आढळला आहे.

इथली दोन वैशिष्ट्यं तपासणी जास्त गरजेची करतात. एक म्हणजे वाण. थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे सगळे हिरव्या मण्यांचे वाण आहेत. त्यांची पानं लाल होऊन इशारा देत नाहीत. दुसरं म्हणजे लागवडीची पद्धत. बागेत आधी डॉगरिजसारखा खुंट लावतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर जागेवरच हव्या त्या वाणाचं कलम करतात. म्हणजे विषाणूला दोन दारं असतात, एक खुंटाचं आणि दुसरं कलमकाडीचं. कलमकाड्या चांगलं उत्पादन देणाऱ्या बागेतून आणण्याची पद्धत आहे. पण काड्या देणारी बाग चांगली दिसते आणि ती विषाणूमुक्त आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये फळपिकांसाठी सुमारे १,७६५ कोटी रुपयांचा स्वच्छ रोपांचा कार्यक्रम, म्हणजे ‘क्लीन प्लांट प्रोग्राम’, मंजूर केला. त्यात देशभर नऊ केंद्रं उभारायची आहेत. द्राक्षाचं केंद्र पुण्यात ठरलं आहे. पुण्याजवळ मांजरी इथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आधीपासूनच आहे. विषाणूंची तपासणी, गरज पडल्यास शुद्धीकरण आणि तपासलेल्या मातृवेलींपासून रोपवाटिकांना साहित्य, अशी ही साखळी असेल.

नेहमी पडणारे प्रश्न

विषाणू असलेल्या वेलीची द्राक्षं खाल्ली तर अपाय होतो का?
नाही. द्राक्षवेलीचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. फळ कमी गोड किंवा फिकट असू शकतं, इतकंच.

विषाणूनाशक फवारणी मिळते असं ऐकलं. ती चालते का?
उभ्या वेलीतला विषाणू संपवणारी कोणतीही फवारणी नाही. खत किंवा टॉनिकनं पान काही दिवस तजेलदार दिसेल, पण विषाणू वेलीतच राहतो आणि मिलीबग तो पुढे नेत राहतो.

छाटणीच्या कात्रीनं पसरतो का?
लीफरोल आणि रेड ब्लॉच कात्रीनं पसरत नाहीत. ते कलमातून आणि कीटकांमार्फत पसरतात. इतर रोगांसाठी कात्री स्वच्छ ठेवणं मात्र चांगलंच.

पानाचा फोटो पाठवून निदान होतं का?
फोटोवरून संशय घेता येतो, पण निदान होत नाही. मॅग्नेशियमची कमतरता आणि लीफरोल फोटोत सहज फसवतात.

तपासणी नेमकी कधी करावी?
लागवडीपूर्वी. खुंट आणि कलमकाडी ज्या मातृवेलींतून येणार, त्या वेलींची. लागवड झाल्यावर विषाणू सापडला तर वेल काढावी लागते, आणि तोवर तिच्यावर खर्च केलेली वर्षं परत मिळत नाहीत. मातृवेलीतच सापडला तर तिच्या काड्या न घेतल्या की झालं.